न्हाणीमागची कर्दळ

रत्नपाल खिल्लारेच्या अंगणातली कर्दळ चोरीला जायला लागली, तेव्हा गल्लीत सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला.

आता चोरी झालेल्या माणसानं खूश व्हावं हे काही जगाच्या रीतीला धरून नाही. म्हणून थोडं मागं जावं लागेल.

रत्नपाल जवळा बाजारच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होता. लोक त्याला डॉक्टर म्हणत. खरे डॉक्टर अधूनमधून यायचे. बाकीच्या दिवसांत गावातली ढोरं रत्नपालच्या भरवशावर आजारी पडायची. माणूस कामाला पक्का होता. अडलेली म्हैस सोडवावी तर त्यानंच, असं पंचक्रोशीत म्हणत. खांद्यापर्यंत हात आत घालून तो वासरू असं काही फिरवून घ्यायचा, की म्हशीलासुद्धा नंतर विशेष तक्रार राहत नसे.

त्यानं घर बांधलं ते बाजार समितीच्या मागच्या गल्लीत. आपल्या लोकांची वस्ती पाण्याच्या टाकीपलीकडं होती, आणि तिथं जागाही मिळत होती. त्याची बायको जनका हिचं म्हणणं, तिथंच बांधू.

"तिथं सांजच्याला दारात बसलं तर कुनी बोलाया तरी यील," ती म्हणाली.

रत्नपालचं म्हणणं वेगळं होतं. सरकारी नोकरी आहे, स्लॅबचं घर होणार आहे, गावातल्या निम्म्या गोठ्यांत आपली ऊठबस आहे. माणसं आता पहिल्यासारखी राहिलेली नाहीत. "तू बघच. वर्षाच्या आत गल्लीतल्या बाया तुझ्याकडं विरजण मागायला येतात का नाही."

जनकानं वर्षभर रोज वाटीभर विरजण जास्तीचं ठेवलं. मग ठेवायचं बंद केलं. त्यावर ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं रत्नपालला बोलण्यापेक्षा जास्त ऐकू यायचं.

गल्ली वाईट नव्हती. कुणी कधी उणा शब्द बोललं नाही. येता-जाता 'काय डॉक्टर' म्हणत, 'बरंय का' म्हणत. पोळ्याला बैल घेऊन त्याच्या दारावरून जात आणि जाताना मान हलवत. फक्त त्याच्या फाटकाची कडी बाहेरून कुणी काढली नव्हती. नवीन होती तेव्हा ती कडी जरा घट्ट बसायची. रत्नपालनं ती तेल घालून सैल केली. कडीचा दोष निघाला, तरी कुणी आलं नाही.

पुढं तो परभणीला प्रशिक्षणाला गेला, तेव्हा एका रोपवाटिकेत त्याला ही कर्दळ दिसली. साधी कर्दळ गावात पुष्कळ. न्हाणीचं पाणी जिथं सोडलं तिथं ती आपोआप माजते. पण ही वेगळी होती. पानापानावर पिवळे पट्टे, मधल्या शिरेपासून कडेपर्यंत ओढलेले, आणि वर केशरी फूल. त्यानं एक गड्डा आणला आणि न्हाणीमागं, सांडपाण्याच्या तोंडाशी, गल्लीतून दिसेल असा लावला. कुठंही लावता आला असता. पण गल्लीतून दिसेल असा लावला.

कर्दळीनं उन्हाळे काढले. पाणी तुटलं की पानं करपून आडवी व्हायची, न्हाणीतून चार तांबे गेले की पुन्हा उभी. दुसऱ्या वर्षी तिचं बेट झालं आणि गल्ली थांबून बघायला लागली.

पहिली थांबली ती शेजारची गोजरबाई. तिचा मुलगा नरसिंग गल्लीतला मोठा माणूस. शिवारात जमीन, गोठ्यात मुऱ्हा म्हशी, बाजार समितीत शब्दाला वजन. गोजरबाईच्या शब्दाला नरसिंगपेक्षा वजन.

"डॉक्टर, ह्ये काय लावलं म्हनायचं? पानं हायेत का लुगडं वाळू घातलं?"

"कर्दळ आहे मावशी. पट्ट्याची. देऊ का एक गड्डा?"

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. घेते मंग."

रत्नपालनं तरीही गड्डा उकरला, माती झटकली, वर्तमानपत्रात गुंडाळून मधल्या भिंतीवर ठेवला. तो तिथंच राहिला. तिसऱ्या दिवशी एका शेळीनं वर्तमानपत्र खाल्लं आणि गड्डा सोडून दिला. तो भिंतीवरच सुकून गेला.

आणि मग आठवड्यानं, भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना चोरी झाली. रत्नपाल दवाखान्यात होता. जनका स्वयंपाकघराच्या खिडकीशी तूर निवडत होती. तिनं सगळं बघितलं आणि संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

"गोजरबाई आल्ती. भिताडाच्या पडक्या कोन्यातून. खुरप्यानं गड्डा काढला आन पदराखाली घालून गेली."

"खरं?" रत्नपालचा चेहरा उजळला. "म्हणजे आवडली तिला."

"चोरी झाली म्हनून सांगून राहिले मी."

"ही चोरी नव्हं गं. झाड चोरून लावलं की चांगलं धरतं, असं मानतात लोक."

"तुमी मानता?"

"मी कशाला मानीन? ते मानतात."

जनकानं सूप खाली ठेवलं. "मंग परवा तिच्या सुनेनं, नीलाबाईनं, पलीकडच्या घरून मोगरा मागून आनला. हातानं घेतला, वर चहा पिऊन आली. त्यो मरन का आता?"

"मोगऱ्याचं वेगळं असंल," रत्नपाल म्हणाला.

मोगरा आणि कर्दळ यांच्यात असा काही फरक कुठल्या पुस्तकात दिलेला नाही, हे त्याला माहीत होतं. पण माणूस एखाद्या गोष्टीवर घर बांधून बसला की पुस्तकाला तेवढा मान देता येत नाही.

त्यानंतर गल्लीत कर्दळीच्या चोऱ्या रीतसर सुरू झाल्या. या घरची सून, त्या घरचा म्हातारा. सगळे दुपारीच, सगळे पडक्या कोपऱ्यातून. रत्नपालनं तो कोपरा बांधून घेतला नाही. उलट बेटाच्या त्या अंगाची माती भुसभुशीत करून ठेवली, आणि चोरांची गैरसोय होऊ नये म्हणून एक जुनं खुरपं तिथंच भिंतीला टेकवून ठेवलं. त्याचा हिशेब सरळ होता. आज जो पडक्या कोपऱ्यातून येतो, तो उद्या फाटकातून येईल. माणूस एकेक पायरी चढतो.

"चोरास्नी चहा बी ठिवत जाऊ का?" जनकानं विचारलं.

पण त्याचं म्हणणं अगदीच हवेत नव्हतं. वर्षा-दोन वर्षांत त्या गल्लीत दारोदारी पट्ट्याची कर्दळ झाली. नव्या माणसाला वाटावं, इथं सगळ्यांचं एकमेकांशी फार सख्य आहे.

मग एक गोची झाली. पट्ट्याच्या कर्दळीत मधूनच एखादा निव्वळ हिरवा कोंब येतो. तो पट्टेवाल्यापेक्षा जोरकस असतो, भराभर वाढतो, आणि वेळीच मुळासकट काढला नाही तर दोन पावसाळ्यांत सगळं बेट हिरवं करून टाकतो. रत्नपाल आपल्या बेटातले हिरवे कोंब न चुकता काढायचा. गल्लीला हे कुणी सांगितलं नव्हतं. चोरताना माहिती विचारायची सोय नसते.

त्यामुळे गल्लीतल्या कर्दळी एकेक करून साध्या झाल्या. याबद्दलची तक्रार नरसिंगनं रत्नपालकडं केली, तीही गोठ्यात, रत्नपालचा हात म्हशीत कोपरापर्यंत गेलेला असताना.

"डॉक्टर, तुमच्या कर्दळीत भेसळ निघाली बरं का."

"माझ्या?"

"आता आमच्याच दारातली, पर मूळ तुमचं ना. पट्टे गेले समदे. माय म्हनती, डॉक्टरनं आपल्यापाशी असल माल ठिवला, आन कडंला हलका लावला."

चोरीच्या मालाबद्दल मालकाला इतक्या मोकळेपणानं जाब विचारणं, ही सलोख्याचीच खूण नाही का, असं रत्नपालला वाटून गेलं. त्यानं हिरव्या कोंबाचं सगळं समजावून सांगितलं. मग घसा साफ करून म्हणाला, "घरी या नरसिंगराव. नवा गड्डा देतो, आणि कोंब कसा ओळखायचा, कुठून काढायचा, तेबी दाखवतो. रविवारी या. चहा घेऊ."

"येतो की," नरसिंग म्हणाला.

रविवारी जनकानं पोहे भिजवले. रत्नपालनं समोरच्या खोलीतल्या खुर्च्या पुसल्या, बाबासाहेबांच्या फोटोची काच पुसली, पुन्हा खुर्च्या पुसल्या. दहा वाजून गेल्यावर नरसिंगचा सालगडी भिंतीपलीकडून म्हणाला, "डॉक्टरसाब, मालक म्हनले, तुमीच या. हितंच काढून द्या म्हनले कोंब."

रत्नपाल गेला. जनकानं पोहे स्वतः खाल्ले आणि उरलेले साक्षीला, त्यांच्या मुलीला, दिले.

त्या रविवारपासून हे एक कामच लागलं. नरसिंगच्या अंगणातले कोंब काढले म्हणून पलीकडच्यानं बोलावलं, त्याच्यापुढच्यानं बोलावलं. रत्नपाल चिखलात उकिडवा बसून बेटं साफ करायचा, आपल्याकडचे पट्टेवाले गड्डे स्वतः नेऊन स्वतःच्या हातानं लावायचा, आणि गल्ली ओट्यावर बसून 'तो राहिला बघा डॉक्टर, त्यो तिकडला' असं सांगायची. त्याच्या हातचा गड्डा त्यांच्या मातीत जायला हरकत नव्हती. माती सगळ्यांचीच. फक्त तो हातातून हातात जात नव्हता.

काम झालं की चहा मिळायचा. ओट्यावरच्यांना कपबशीत, रत्नपालला प्लास्टिकच्या पेल्यात. लग्नात पाण्यासाठी असतात तसल्या. गरम चहानं तो पेला आखडायचा आणि धरता यायचा नाही.

"तुमी ढोरात हात घालता ना, डॉक्टर," गोजरबाईनं एकदा न विचारताच खुलासा केला. "जंतू ऱ्हातेत म्हनं. टीव्हीवर दाखवतेत."

पूर्वी असल्या कामाला कान तुटलेला कप असायचा, वळचणीला खोचून ठेवलेला. तो धुवावा लागे. आता धुवायचीही तकलीफ नाही. गल्लीत नवा जमाना आला तो हा.

एकोणीसशे नव्व्याण्णवला हिंगोली जिल्हा झाला. जनकाच्या भावानं हिंगोलीत एक प्लॉट बघून ठेवला, त्याच्या घराला लागून. चांगली वस्ती, साक्षीला शाळा, दारात बसलं तर बोलायला माणसं. रत्नपालनं जिल्ह्याच्या ठिकाणी बदली मागितली असती तर मिळालीही असती.

"चला ना," जनका म्हणाली. "लई झालं."

रत्नपाल म्हणाला, "एकदा. जनका, एकदा कुणीतरी फाटकातून येऊन तोंडानं मागू दे. हातानं घेऊ दे. मग तू म्हणशील ते."

"आन तवा तुमीच म्हनाल, बघ, मी म्हनत न्हवतो का. आता हितंच ऱ्हाऊ."

"मग राहू. पण तसं झालं तर तू हिंगोलीचं नाव काढायचं नाही."

"न्हाई काढत. आन न्हाई झालं तर?"

"साक्षीची दहावी होऊ दे. तवर कुणी नाही आलं तर जाऊ."

जनकानं भावाला थांबायला सांगितलं. भाऊ चांगला माणूस होता, थांबला.

रत्नपाल तेव्हापासून वाट बघायला लागला. आधीही बघतच होता, पण आता वाट बघण्याला मुदत होती. बाजाराच्या दिवशी गल्लीत वर्दळ असली की तो अंगणातच घुटमळायचा. फाटकाशी कुणाची सावली पडली की हातातलं काम सोडायचा. सावली बहुतेक शेळीची असायची.

साक्षी दहावीला गेली त्या वर्षी नीलाबाईला मुलगा झाला. तिला आधी दोन झाले होते, आणि दोन्ही महिन्याच्या आत गेले होते. दुसऱ्याच्या वेळी रत्नपालनंच दवाखान्यातून फोन करून जीप मागवली होती. जीप आली, पण ती येईपर्यंत लेकरू थांबलं नव्हतं. त्या दिवसांत नीलाबाईचं रडणं मधल्या भिंतीतून ऐकू यायचं आणि जनका उठून फळीवरच्या भांड्यांचा उगीच आवाज करायची. आता हे तिसरं. गल्लीत कुणी मोठ्यानं आनंदही केला नाही. सगळे दबकून होते.

बाराव्या की तेराव्या दिवशी सकाळी रत्नपाल दाढी करत होता, आणि फाटकाची कडी वाजली.

गोजरबाई होती. पायात काही नाही. मागं नीलाबाई, तिच्या कुशीत दुपट्यातलं लेकरू. गोजरबाई सरळ अंगणात आली, कर्दळीच्या बेटापाशी उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.

"डॉक्टर, मागाया आले. एक गड्डा द्या."

रत्नपालच्या एका गालावर साबण तसाच होता. तो पुसायचं त्याला सुचलं नाही. त्यानं खुरपं घेतलं. बेटाच्या ऐन मधला, टपोरा, पट्ट्याचे कोंब फुटलेला गड्डा काढला. बादलीत धुतला. पदरात टाकायला गेला, तर गोजरबाईनं पदर सोडून दोन्ही हात पुढं केले. तिची खरबरीत बोटं त्याच्या बोटांना लागली. तिनं हात मागं घेतला नाही. गड्डा घट्ट धरला, कपाळाला लावला, पदरात बांधला आणि वळून चालायला लागली. नीलाबाई एक क्षण जनकाकडं बघून थांबली, आणि मग तीही गेली. मागं वळून दोघींनीही बघितलं नाही. रत्नपालला ते संकोचाचं वाटलं. इतक्या वर्षांची सवय, एका सकाळी कशी जाईल.

जनका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"बघितलं?" तो म्हणाला.

"बघितलं."

"तोंडानं मागितलं. हातानं घेतलं."

"व्हय. जिंकलात तुमी," जनका म्हणाली. "बसा, चहा करते."

चहा गोड झाला होता. संध्याकाळी तिनं त्याच्यादेखत भावाला फोन केला, की दादा, प्लॉटचं दुसऱ्याला बघ, आमचं हितंच बरं हाय.

रत्नपालचे पुढचे दिवस असे गेले, की त्याच्याविषयी लिहिणाऱ्यालाही ते मोडवत नाहीत. तो गल्लीतून चालताना हळू चालायला लागला. दवाखान्यात गाणं गुणगुणायला लागला, तेही म्हशींच्या समोर. गच्चीवर एक खोली काढावी, असं त्याच्या मनात आलं. एकदा रात्री जेवताना तो साक्षीला म्हणाला, "माणसाला वेळ द्यावा लागतो बेटा. झाडासारखाच." साक्षी आईकडं बघायला लागली. आई ताटाकडं बघत होती.

पुढच्या आठवड्यात नरसिंगनं बोलावलं. एक म्हैस गाभण आहे की रिकामी, ते बघायचं होतं. रत्नपालनं बाही वर केली, हाताला साबण लावला आणि कामाला लागला. नरसिंग खुशीत होता. लेकरू अंग धरून राहिलं होतं, दूध ओढत होतं.

"तुमचे लई उपकार झाले डॉक्टर."

"माझे कसले? कर्दळ तर कर्दळ."

"न्हाई, तसं कसं. माय तिकडं भगताकडं गेल्ती. पोरगं जगावं म्हनून. त्यानं सांगितलं, न्हानीपाशी रोप लावा आन लेकराचं न्हानं त्याच्यावर सोडा. पर रोप कसं पायजे, तर..." नरसिंग जरा थांबला. वाईट वाटून थांबला असं नाही. नीट आठवून सांगावं म्हणून थांबला. "हलक्या हातचं पायजे. इकत आनलेलं चालत न्हाई, चोरलेलं तर बिलकूलच न्हाई. पदर पसरून मागायचं, त्याच्या हातून आपल्या हातात घ्यायचं आन माघारी बघायचं न्हाई. मंग लेकरामागची समदी इडापिडा न्हानाच्या पान्यासंगं झाडात उतरती, आन झाड ज्याचं त्याच्या घरला निघून जाती."

म्हशीनं पाय बदलला. रत्नपालचा हात आतच होता. असा हात एकदम काढता येत नाही. जनावराला इजा होते.

"माय आधी तयार न्हवती," नरसिंग सांगत राहिला. "म्हनली, डॉक्टरच्या लेकीला काय झालं म्हंजी? म्या म्हनलं, त्यांच्या लोकात तर असलं काय मानतच न्हाईत. शिकल्याले लोक. मंग त्यास्नी काय व्हनार? बराबर हाय का न्हाई?"

रत्नपालनं आतल्या आत हात सरकवला, जे चाचपायचं ते चाचपलं, आणि हळूहळू बाहेर काढला.

"गाभण आहे," तो म्हणाला. "तीन महिने."

सालगड्यानं वरून हातावर पाणी घातलं. चहा आला. पेला आखडला. रत्नपालनं तो गोठ्याच्या कठड्यावर ठेवला आणि चहा तसाच सोडून घरी आला.

जनका अंगणात कपडे वाळू घालत होती. त्यानं जे ऐकलं ते एका दमात तिला सांगितलं. भगत, हलका हात, माघारी न बघणं, इडापिडा. सांगताना त्याला वाटत होतं, की ती मध्येच बोलेल, ओरडेल, निदान हातातलं कापड खाली टाकेल. तिनं त्याचा सदरा झटकला आणि तारेवर टाकला.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"नीलाबाई आल्ती आदल्या दिशी. त्याच पडक्या कोन्यातून. रडून राहिली व्हती. म्हनली, जनकाबाई, दोन गेले, ह्यो गेला तर मी बी जाते. समदं सांगितलं तिनं, काय बी लपवलं न्हाई. म्हनली, साक्षीचा जीव तुमाला हाय, तुमी न्हाई म्हनलात तर मी समजून घेईन."

"आणि तू हो म्हणालीस."

"माझा कुठं इस्वास हाय त्याच्यावर? लेकरू जगलं त जगलं." तिनं चिमटा लावला. "म्या म्हनलं, या. पर कोन्यातून न्हाई, फाटकातून या. आन सासूलाच पाठवा. आन हातावर गड्डा पडला की हात मागं घ्यायचा न्हाई."

"ते तर भगतानंच सांगितलेलं."

"फाटकाचं न्हवतं सांगितलं."

रत्नपाल पायरीवर बसला. बराच वेळ तो आपल्या हाताकडं बघत होता. पाणी घालून धुतला, तरी गोठ्याचा वास राहिला होता.

"मला काहून नाही सांगितलंस?"

"काय सांगू? धा-अकरा वरसं झाली, तुमी कडीचा आवाज ऐकून राहिलात. म्हनलं, एकदा वाजू द्यावी. कशापायी का व्हईना." तिनं साक्षीची ओढणी तारेवर टाकली. "आन तुमी गालाला साबन लावून हसत उभे व्हतात. मंग सांगवलं न्हाई."

"हिंगोलीचं सोडून दिलंस त्याच्यासाठी."

"बोली केल्ती ना. हारले त हारले."

आतून साक्षीचा पाठांतराचा आवाज येत होता. कसलीतरी समीकरणं होती. रत्नपाल ऐकत राहिला. त्याला साक्षीचा आवाज बसल्यासारखा वाटला. मग आपल्याला तसं वाटलं, याचीच त्याला लाज वाटली. आणि ही लाज नरसिंगनंच दिली आहे, हे कळून राग आला. पण रागवायला समोर कुणी नव्हतं. नरसिंग चांगला माणूस होता. गोजरबाई नातवासाठी अनवाणी आली होती. नीलाबाईनं तर सगळं खरं सांगून विचारलं होतं. जिथं बघावं तिथं चांगलीच माणसं होती, आणि त्यांच्याकडून इतकंच होणार होतं.

रविवारी सकाळी भिंतीपलीकडून नरसिंगची हाक आली.

"डॉक्टर, या की जरा. त्या नव्या कर्दळीत हिरवा कोंब आलाय. माय घाबरून राहिली. पट्टे गेले तर लेकराला वंगाळ म्हनती."

रत्नपाल अंगणातच होता. त्यानं उठून भिंतीपाशी जाऊन उत्तर दिलं. आवाज चढवला नाही.

"मी येत नाही नरसिंगराव."

"दुपारी या मंग."

"दुपारी पण नाही. कोंब कसा काढायचा ते तुमाला दाखवलंय. काढा नाहीतर राहू द्या. हिरवा असला तर जास्त जोरात वाढतो, बाकी काही होत नाही. लेकराला वेळच्या वेळी डोस पाजून आणा, त्यानं जगंल."

भिंतीपलीकडून गोजरबाईचा आवाज आला, मुलाला उद्देशून, पण इकडं ऐकू येईल एवढा. "काय झालं रं? कोन काय बोललं त्यास्नी?"

"कुनी न्हाई बोललं," नरसिंग म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं.

दुपारपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली. त्या गल्लीचं कधी कशावर एकमत व्हायचं नाही, नालीवर नाही, पाण्याच्या पाळीवर नाही. रत्नपालविषयी मात्र झालं. माणूस चांगला होता, मदतीला धावायचा. पण गोजरबाई त्याच्या दारात मागायला काय गेली, तेव्हापासून त्याला माज आला.

संध्याकाळी जनकानं बघितलं, तो फोनपाशी उभा होता. तिच्या भावाचा नंबर त्याला पाठ नव्हता. त्यानं तिला तो विचारला, स्वतः फिरवला, आणि पलीकडून आवाज आल्यावर म्हणाला, "दादा, मी रत्नपाल बोलतो. तो प्लॉट दिला का कुणाला?"

पलीकडून काय उत्तर आलं ते जनकाला ऐकू आलं नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली.

"बरं," तो म्हणाला. "नाही, तिचा काही दोष नाही. मीच उशीर केला. दुसरा कुठला असंल तर बघा. आतल्या बाजूला असला तरी चालंल."